दप्तर सांभाळणारा माणूस



गेल्या पंधरवड्यात निफाड तालुक्यातील एका माउलीचे पत्र आले. त्यांचा मुलगा बी. कॉम. झाला आहे. दोन वर्षे तलाठी भरती आणि पोलीस भरतीच्या खेपा झाल्या, पण यश आले नाही. आता गावची पाणीवापर संस्था त्याला सचिव म्हणून बोलावते आहे. पगार बेताचा आहे. माउली लिहितात, ‘घरचे म्हणतात, ही काय नोकरी झाली? संस्थेत लिखापढी करतो म्हटल्यावर मुलगी कोण देणार? पोराचे मन मात्र तिकडे ओढते आहे. साहेब, पाठवू की नको?’

प्रश्न एका घरचा असला तरी तो गावोगावचा आहे, म्हणून उत्तर या पानातून देतो. आज आपल्या जिल्ह्यात सोसायट्या आहेत, दूध संस्था आहेत, पाणीवापर संस्था आहेत, बचत गटांचे ग्रामसंघ आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, बागायतदारांचे संघ आहेत आणि शिक्षण संस्थाही आहेत. या साऱ्यांचे अध्यक्ष कोण, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण त्यांचे दप्तर कोण सांभाळतो, असे विचारले तर गडी डोके खाजवू लागतो. माझी जवळजवळ तीस वर्षे बांधावर आणि गावसभांत गेली. तेवढ्यात एक गोष्ट पक्की कळली. संस्था उभी राहते ती पुढाऱ्याच्या पुण्याईने आणि सभासदांच्या एकीने. पण ती टिकते दप्तर सांभाळणाऱ्या माणसामुळे. त्या माणसाला आपण पोटापुरते देतो का आणि त्याचे काम धंदा म्हणून मोजतो का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आपल्या वाडवडिलांनी काय केले?

पगारी माणूस ठेवून सर्वांचे काम चालवायचे, ही कल्पना बाहेरून आलेली नाही. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, तसेच पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत. ही पद्धत काही शतकांची जुनी आहे. नदीत बंधारा घालायचा, पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी तिची रीत. कोणत्या फडात यंदा ऊस आणि कोणत्यात भुसार, हे शेतकऱ्यांचे पंच ठरवीत.

आता ध्यानी घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. पंच पाणी वाटायला स्वतः जात नसत. त्यासाठी माणसे नेमलेली असत. पाटकरी पाट सांभाळी, बारेकरी शेतात पाणी धरी, जागल्या पिकाची राखण करी आणि हवालदार या सर्वांवर देखरेख ठेवी. त्यांचा मोबदला सर्व शेतकऱ्यांनी मिळून द्यावयाचा. पूर्वी तो धान्याच्या रूपाने दिला जाई. पाटकरी कोणा एकाचा मिंधा नसे, कारण त्याचे पोट सगळ्या फडावर चाले. त्यामुळे मोठ्या खातेदाराने दरडावले तरी दुबळ्याची पाळी चुकवण्याचे त्याला कारण नसे. ठरवणारे वेगळे आणि राबवणारे वेगळे, आणि राबवणाऱ्याला सर्वांनी मिळून पोसायचे, ही अक्कल आपल्या वाडवडिलांना होती. आज तोच धडा आपण विसरत चाललो आहोत.

शिक्षणाच्या क्षेत्रातही तेच. १९१४ साली नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे यांच्यासारख्या कर्मवीरांनी तो वाढवला आणि शेतकऱ्यांनी आपापल्या परीने हातभार लावला. त्या संस्थेत कारभाराचा मुख्य भार सरचिटणीसावर असतो, हे नाशिककरांना ठाऊक आहे. चिटणीस हा शब्दच मुळी लिहिण्या-ठेवण्याच्या कामावरून आला. लिखापढी हलकी समजणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे.

ओझरची गोष्ट

आता अलीकडचे उदाहरण पाहू. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाडचे धरण १९८० च्या आसपास झाले. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ओझर. कागदावर ओझरची जमीन लाभक्षेत्रात होती, पण पाणी वरच्या वरच संपायचे. विहिरींचे पाणीही खाली चालले होते. त्या वेळी समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले. नुसती ओरड करून पाणी येणार नाही, संस्था करून हक्काचे पाणी मोजून घेऊ आणि आपणच वाटू, असा विचार त्यांनी मांडला. १९९१ च्या सुमारास टेलला तीन पाणीवापर संस्थांचे काम सुरू झाले. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशी त्यांची नावे. कालव्याचे पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून त्यांनी विहिरीही भरून घेतल्या.

टेलच्या लोकांना जमले हे पाहून वरच्या गावांनाही धीर आला. पुढे सबंध प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि २००३ मध्ये त्या साऱ्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था उभी राहिली. सुमारे साडेनऊ हजार हेक्टरचे लाभक्षेत्र शेतकऱ्यांच्या संस्था सांभाळू लागल्या. पाणी टेलकडून हेडकडे द्यायचे आणि पट्टी आधी भरायची, असे नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले. पुढे २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यात संस्थेच्या संचालकांत हेड, मधला भाग आणि टेल यांना सारखे स्थान दिले आहे. ज्या विचाराने ओझर चालले, तो कायद्यातही आला.

या गोष्टीत पुढाऱ्यांची नावे आपण घेतो आणि ती घ्यावीतच. पण जरा विचार करा. पाणी मोजून घेतले, म्हणजे कोणीतरी रात्री-अपरात्री जाऊन मोजपट्टीवरचा आकडा लिहिला. पट्टी आधी वसूल झाली, म्हणजे कोणीतरी घरोघर हिंडून पावती फाडली. टेलला आधी पाणी गेले, म्हणजे कोणीतरी पाळीपत्रक तयार करून ते चावडीवर लावले आणि वरच्या गेटवर उभे राहून, ‘काका, तुमची पाळी मंगळवारी’ असे सांगितले. हे सारे काम सचिवाचे आणि त्याच्या पाटकऱ्यांचे. भाषणाने पाणी टेलला जात नाही, पाळीपत्रकाने जाते.

सचिव नेमके काय करतो?

अनेकांना वाटते, सचिव म्हणजे सभेची वही लिहिणारा. वही तर तो लिहितोच. पण त्याच्या कामाची यादी मोठी आहे.

पहिले काम सभासद नोंदवहीचे. कोण सभासद, किती क्षेत्र, वारस नोंद झाली का, खरेदी-विक्री झाली का, हे सातबाऱ्याशी ताडून पाहावे लागते. पाणीवापर संस्थेत घरधनीण सभासद व्हायची तर तिचे नाव जमिनीला लागलेले असावे लागते. ज्या संस्थेचा सचिव जागा आहे, तो ही गोष्ट घरोघर सांगतो.

दुसरे काम सभांचे. उपविधीप्रमाणे मुदतीत नोटीस काढणे, ती पोहोचल्याची सही घेणे, गणसंख्या पाहणे, ठराव शब्दशः लिहिणे आणि पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचून कायम करून घेणे. ठराव मोघम लिहिला की भांडणाचे बी पेरले गेलेच. ‘चारी दुरुस्तीचे पाहावे’ असा ठराव नसतो. कोणी, कोणती चारी, किती रुपयांपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करावी, हे त्यात आले पाहिजे.

तिसरे काम हिशेबाचे. पावतीपुस्तक, रोजकीर्द, खतावणी, बँकेशी मेळ, आणि वर्षअखेर ताळेबंद. सहकारी संस्थेचे लेखापरीक्षण वर्ष संपल्यावर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयास हवी. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली असेल तर ती सुरू करायला निदान सात माणसे लागतात. आपल्या राज्यात तिची नोंद धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणूनही होते. तेथे विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कचेरीत त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. किती तरी मंडळे आणि वाचनालये एवढ्या एका कागदापायी अडकली आहेत. अध्यक्ष कैलासवासी होऊन वर्षे लोटली आणि दप्तरी अजून तेच अध्यक्ष, अशी गत होते.

चौथे काम त्या त्या संस्थेच्या धंद्याचे. पाणीवापर संस्थेत ते पाण्याच्या हिशेबाचे. नमुना नंबर ७ चे पाणी अर्ज गोळा करणे, मागणी काढणे, आवर्तनात पाणी मोजणे. येथे थोडे गणित सांगतो, मुलांकडून करून घ्या. सेकंदाला एक घनफूट पाणी चोवीस तास चालले तर ८६,४०० घनफूट होते. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणजे दोन एकरांवर जवळजवळ एक फूट पाणी उभे राहील. तीन इंचांची पाळी द्यायची ठरवली, तर तेवढ्या पाण्यात कागदावर आठ एकर भिजले पाहिजेत. समजा चारीत मुरून, फुटून सहा भिजले, तर चालण्यासारखे आहे. चारच भिजले, तर एकतर चारी फुटकी आहे, नाहीतर कोणी मध्येच बारे फोडले आहे. हा ताळा रोज मांडणारा सचिव संस्थेला लाभला, तर त्याचा पगार पाण्यातच वसूल होतो.

फुकटचा सचिव महाग पडतो

आता पगाराचा प्रश्न. आपल्याकडे एक खोड आहे. संस्था काढायला हजार रुपये वर्गणी देऊ, पण सचिवाला पगार द्यायची वेळ आली की, ‘गावचेच काम आहे, करील एखादा पोरगा’ असे म्हणायचे.

एका तालुक्यातील पाणीवापर संस्थेचे असेच झालेले मी जवळून पाहिले. नाव सांगत नाही. पहिली तीन वर्षे उत्साहाची गेली. सचिव बिनपगारी, आपली दुकानदारी सांभाळून वही लिहायचा. पुढे दुकान वाढले, वही मागे पडली. एका आवर्तनात मोजपट्टीचे आकडे कोणी घेतलेच नाहीत. नंतर पाणीपट्टीचे बिल आले ते सगळ्यांना जादा वाटले. पण हरकत घ्यायची तर संस्थेकडे स्वतःचा आकडाच नव्हता. सभासद म्हणाले, संचालकांनी खाल्ले. संचालक म्हणाले, सभासदांनी भरले नाही. खरे तर कोणीही काही खाल्ले नव्हते, पण ते सिद्ध करायला कागद नव्हता. आज ती संस्था फलकापुरती उरली आहे आणि टेलचे शेतकरी पुन्हा विहिरीवर आले आहेत. वाचवलेला पगार किती महाग पडला पाहा.

आता उलटा हिशेब करू. समजा संस्थेचे क्षेत्र ३०० हेक्टर आहे. सचिवाला दरमहा १२,००० रुपये दिले, तर वर्षाचे १,४४,००० होतात. हेक्टरी ४८० रुपये, म्हणजे एकरी दोनशेच्या आत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. वर्षाला एकरी एका गोणीहूनही कमी खर्चात पाण्याचा हिशेब चोख राहत असेल, तर हा सौदा कोण नाकारील? शंभर हेक्टरच्या लहान संस्थेला हे एकटीने झेपणार नाही. तेव्हा शेजारच्या दोन-तीन संस्थांनी मिळून एक सचिव ठेवावा. सोसायट्यांचे गटसचिव आपल्याला परिचित आहेतच. कल्पना तीच.

सरकारच्या धोरणातही ही गोष्ट आता मान्य झाली आहे. शेतकरी उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो, असे कायदा सांगतो. तो सभासदांपैकी नसावा, असेही सांगतो. कारण उघड आहे. स्वतःची द्राक्षे विकायची घाई असलेला माणूस सर्वांच्या द्राक्षांचा भाव कसा ठरवणार? २०२० मध्ये दहा हजार उत्पादक संघटना उभारण्याची केंद्राची योजना सुरू झाली. तिच्यात पहिल्या तीन वर्षांसाठी अधिकाऱ्याला दरमहा २५,००० आणि हिशेबनिसाला १०,००० रुपयांपर्यंत साहाय्य धरले होते. मात्र तीन वर्षांनंतर पगार कंपनीने स्वतःच्या कमाईतून द्यायचा. तेथेच पुष्कळ कंपन्यांची कसोटी लागते. ज्यांनी त्या तीन वर्षांत माणूस घडवला आणि धंदा बसवला, त्या पुढे जातात.

ताई, मुलाला पाठवा, पण चार गोष्टी पाहून

पत्र पाठवणाऱ्या ताईंना माझे उत्तर असे. मुलाचे मन असेल तर जरूर पाठवा. पण डोळे उघडे ठेवून.

एक, नेमणुकीचे पत्र लेखी घ्यावे. पगार किती, तारीख कोणती, काम काय, रजा किती, हे त्यात असावे आणि त्यामागे संचालक मंडळाचा ठराव असावा. ‘बघू पुढे’ या बोलीवर कामाला लागू नये.

दोन, पैशाला शिस्त असावी. पावती फाडल्याशिवाय पैसा हातात घेऊ नये, घेतलेला पैसा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरावा, धनादेशावर दोन सह्या असाव्यात आणि कोऱ्या धनादेशावर कोणाचीही सही घेऊन ठेवू नये. अध्यक्षांनी तोंडी सांगितलेला खर्च ठरावाशिवाय करू नये. ‘अण्णा, तेवढा ठराव झाला की लगेच देतो,’ असे हात जोडून म्हणावे. नाही म्हणणे आणि उद्धटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला साधले तो या धंद्यात टिकला.

तीन, निवडणुकीत कोणत्याही पॅनेलचा झेंडा हाती घेऊ नये. संचालक येतात आणि जातात, सचिव सर्वांचा असतो. ज्याने एका बाजूचा गुलाल उधळला, त्याला दुसरी बाजू आली की घरी बसावे लागते. आणि दप्तर संस्थेच्या कचेरीतच ठेवावे, घरी नेऊ नये.

चार, शिकणे थांबवू नये. बी. कॉम. हा पाया झाला. पदवीधरांसाठी सहकार खात्यातर्फे जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा घेतली जाते, ती नोकरी करता करता द्यावी. ती झाली आणि हिशेब तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव जमला की सहकारी संस्थांच्या प्रमाणित लेखापरीक्षकाचीही वाट खुली होते. पुण्याला वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. पाण्याचे शास्त्र शिकायचे तर छत्रपती संभाजीनगरची वाल्मी १९८० पासून आहे. आपल्या नाशकातच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, घर-शेती सांभाळून तेथे शिकता येते. संगणकाची भीती मनातून काढावी. २०२२ मध्ये केंद्राने देशातील ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. यापुढे नुसत्या सुंदर अक्षरावर भागणार नाही.

या धंद्यात चढण आहे का, असे कोणी विचारील. आहे. लहान संस्थेत पाच वर्षे चोख काम केलेला मुलगा प्रकल्पस्तरीय संस्थेत, दूध संघात, उत्पादक कंपनीत किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत वरच्या जागी जाऊ शकतो. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा आहे. त्याचे नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर असे विभाग आहेत. चर्चासत्रे, मासिक, सभासदांची कामे, हे सारे तेथील कचेऱ्यांतील माणसे पाहतात. दिंडोरीच्या मोहाडीची सह्याद्री तर सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्यांच्या कंपनीला किती तऱ्हेची शिकलेली माणसे लागतात, हे तेथे एकदा जाऊन पाहावे. पण पहिल्या दिवसापासून मोठ्या पगाराची आशा धरू नये. सरकारी नोकरीसारखी शाश्वती येथे नाही, हेही स्पष्ट सांगतो. येथे माणसाची पत हीच त्याची बढती.

मुलींसाठीही ही वाट मोकळी आहे. बचत गटाची वही लिहिणारी सून पुढे ग्रामसंघाचा हिशेब पाहू लागते, मग प्रभागसंघाचा. माविम १९७५ पासून आणि उमेद अभियान २०११ पासून राज्यात काम करते आहे. त्यात बँक सखी, पशुसखी अशा किती तरी बायकांनी मानधनावर कामे उचलली आहेत. घरच्यांनी त्यांना सभेला जाण्यासाठी वेळ द्यावा आणि ‘वही लिहून काय मिळते’ असे टोचून बोलू नये, एवढीच विनंती.

राहता राहिला लग्नाच्या बाजाराचा प्रश्न. बाहेरच्या मुलखात काय चालते ते सांगतो. हॉलंड देशात पाण्याची मंडळे तेराव्या शतकापासून आहेत. आजही तेथे अशी २१ मंडळे आहेत. लोक त्यांचे सभासद निवडून देतात, मंडळे स्वतःची पट्टी वसूल करतात आणि जाणकार पगारी माणसे बांध-कालव्यांचे काम पाहतात. अमेरिकेत तर संस्था चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी १९२० साली स्वतःचीच एक संघटना काढली आणि पुढे त्या कामाची परीक्षाही सुरू केली. तेथे हा मानाचा पेशा झाला. आपल्याकडे त्याला मान यायचा असेल तर तो आधी आपल्याच सभांतून यावा लागेल. वार्षिक सभेत अध्यक्षांना हार घालताना एक नारळ सचिवाच्याही हाती द्या. सोयरे विचारतील तेव्हा, ‘पोरगा तीनशे हेक्टरचे पाणी सांभाळतो’ असे छाती पुढे काढून सांगा. ते खोटे नाही.

सभासदांनी काय करावे?

सचिव कितीही चांगला असला, तरी सभासद झोपले तर त्याचे काही चालत नाही. तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेला चहा पिऊन लगेच परतू नका. बसा, आणि तीन प्रश्न विचारा. मागच्या वर्षीचे लेखापरीक्षण पूर्ण झाले का आणि त्यात कोणते दोष निघाले? मागच्या सभेत केलेल्या ठरावांचे काय झाले? आणि आपल्या सचिवाला पगार वेळेवर मिळतो का?

तिसरा प्रश्न विचारला की सभेत थोडी कुजबुज होईल. होऊ द्या. पगार थकला असेल तर तेथेच ठराव मांडा, सूचक आणि अनुमोदक व्हा आणि एकरी किती पट्टी वाढवायची तो आकडा त्यात घाला. आपल्या गावात संस्था पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ बुडाल्या. ज्या तगल्या, त्यांच्या कचेरीच्या कपाटात नीट बांधलेले दप्तर सापडेल आणि ते बांधणाऱ्याची चूलही त्याच कामावर पेटत असल्याचे दिसेल.

पाणीवापर संस्थेचे अर्ज, पाळीपत्रक किंवा वह्यांचे नमुने कोणाला हवे असतील, तर आपल्या पंचायत समितीतील विस्तार अधिकाऱ्यांना किंवा पाटबंधारे शाखेला जरूर भेटा. पुढच्या आठवड्यात रब्बी कांद्याच्या रोपवाटिकेविषयी बोलू.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)